सही करा, मॅडम

आमच्या कॉलेजात पूर्वी नोटीस वही फिरायची. निळ्या कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर आणि त्याला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. शिपाईमामा ती काखेत धरून स्टाफ रूममध्ये यायचे, माझ्यापुढं उघडायचे आणि म्हणायचे, “सही करा, मॅडम.” डाव्या पानावर डिंकानं चिकटवलेला टाइप केलेला कागद, उजव्या पानावर सेवाज्येष्ठतेप्रमाणे आमची नावं. मजकूर वाचायच्या आधी आपल्या नावापुढची मोकळी जागा शोधायची, हे बोटांच्या अंगवळणी पडलं होतं. पण सही झाली म्हणून मामा लगेच निघत नसत. वही मिटता मिटता म्हणायचे, “सकाळी विद्यापीठातनं फोन आला होता सायबांना. तिकडनंच घाई चाललीय.” कागदावर नुसतं ‘तात्काळ’ असायचं. तात्काळ कशासाठी, ते मामांकडून कळायचं, आणि ते कळलं की कामाचा जाच निम्मा व्हायचा.

वही गेली, मामाही निवृत्त झाले. आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतं. मागच्या जानेवारीत एका रात्री पावणेअकराला मेसेज आला : ‘सर्व प्राध्यापकांना सूचित करण्यात येते की, मागील पाच वर्षांतील संशोधन व विस्तारकार्याची माहिती सोबतच्या नमुन्यात उद्या सकाळी ११ पर्यंत आयक्यूएसीकडे सादर करावी.’ आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष. दोन मिनिटांत खाली पहिलं ‘नोटेड सर’ पडलं. मग दुसरं, तिसरं. झोपायची वेळ होती, पण मी फोन हातात धरून बघत राहिले. साडेअकरापर्यंत अडतीस झाले. त्यातलं एक माझं होतं.

हीच माहिती, याच नमुन्यात, आम्ही सगळ्यांनी सप्टेंबरमध्ये दिली होती. अडतीस जणांना ते माहीत होतं आणि अडतिसांपैकी एकानंही तसं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफ रूममध्ये नुसता धूर. आयुष्यभर शांत राहिलेले आमचे एक ज्येष्ठ सर लॅपटॉपवर तारखा भरता भरता थांबले आणि म्हणाले, “आपण दिलेलं कुणी उघडूनसुद्धा बघत नाही.” पंधरा दिवसांनी खरा प्रकार समजला. ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला होता, फाइल गेली होती, आणि ते सांगायची ऑफिसातल्या मुलाला भीती वाटली होती. ‘फाइल गेली हो, चूक झाली, पुन्हा द्याल का?’ एवढं कुणी बोललं असतं तर आम्ही रात्रीच पाठवून दिलं असतं, वर त्या मुलाला धीरही दिला असता. काम तेवढंच होतं. पण ते करताना आपण बिनकामाचे आहोत असं वाटलं, आणि ते वाटणं महिनाभर गेलं नाही.

‘सूचित करण्यात येते’ या क्रियापदाकडे मी पुष्कळ दिवस बघते आहे. ‘कळविण्यात येते’, ‘दखल घेण्यात येईल’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. कळवतं कोण? दखल घेतं कोण? वाक्यात माणूसच नाही. माणूस नसला की उलट जाऊन विचारायचं कुणाला? शासनाच्या निर्णयात ही भाषा शोभत असेल. जिथं चाळीस माणसं एकाच कॅन्टीनचा चहा पितात, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला आणि लग्नाला जातात, तिथं ती भाषा का यावी, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी सांगलीत कॉमर्स शिकवते. त्याआधी, २००३ पासून, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पाच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर होते. इथं कायम झाल्यावर टी. वाय. बी. कॉम.चं कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनाचा खर्च काढायचा विषय, माझ्याकडे आलं आणि तो विषय माझा होऊन गेला. पुस्तकातल्या प्रोसेस कॉस्टिंगच्या गणितात कुठलंतरी रसायन ‘अ’ प्रक्रियेतून ‘ब’ प्रक्रियेत जातं. मुलांच्या डोळ्यांत काही उमटत नाही. मी हळद घ्यायचे. ओली हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली. दर टप्प्याला वजन किती उतरलं? वाळताना जे उतरतं ते धरूनच चालायचं, ती साधारण घट. आणि २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून हळद गेली, ती असाधारण घट. ती मालाच्या किमतीत धरायची नाही, सरळ नफा-तोटा खात्याला न्यायची. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा म्हणायचा, “आमच्या आजोबांची होती त्या पेवात.” मग तो धडा त्या वर्गाला कधी विसरायचा नाही.

जून २०१६ मध्ये सुट्टीनंतर कॉलेजला गेले. जिन्याजवळच्या फळ्यावर वेळापत्रक लावलेलं होतं. टी. वाय.च्या रकान्यात कॉस्टिंगपुढं दुसऱ्या मॅडमची आद्याक्षरं होती. मी दोनदा वाचलं. मग वहीत आपले तास उतरवून घेतले, कारण मागं मुलांची गर्दी होती आणि मला तिथून हलायचं होतं.

पगार तोच, पद तेच, तासही तेवढेच. नियमाच्या दृष्टीनं माझ्यावर काही अन्याय झाला नव्हता; कुणाला कोणता पेपर द्यायचा हा विभागप्रमुखांचा अधिकार. पण त्या वर्षी सकाळी गाडीला किल्ली लावताना हात जड व्हायचा. घरी विचारायचे, “काय झालंय?” सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘मला कुणी विचारलं नाही’ एवढंच खरं होतं, आणि ते मोठ्यानं म्हटलं की रुसल्यासारखं वाटायचं.

त्या मॅडमशी मी कामापुरतं बोलू लागले. त्याही. तीन वर्षं.

मग एका वर्षी पेपर तपासायला कोल्हापूरला कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, दोघींची एकदमच ऑर्डर निघाली. शिवाजी विद्यापीठाच्या कॅपला सांगली, सातारा, कोल्हापूर अशा तिन्ही जिल्ह्यांतले प्राध्यापक एका हॉलमध्ये गठ्ठे घेऊन बसतात. खरी बोलणी चहाच्या सुट्टीत होतात. कुणाच्या कॉलेजात काय चाललंय, कुणाची कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाइल कुठं अडलीय, सगळं तिथंच कळतं. त्या दिवशी कप हातात घेऊन मॅडम माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “त्या वेळी तुम्ही कॉस्टिंग सोडलंत, तुमचे उपकार आहेत माझ्यावर.” मी बघतच राहिले. त्यांच्या पेपरला मुलं कमी झाली होती, आठवड्याचे सोळा तास भरत नव्हते आणि पदावर गदा येईल अशी वेळ होती. सहायक प्राध्यापकाला सोळा तास लागतातच. कॉस्टिंग मिळालं म्हणून त्या तरल्या. त्यांना सांगितलं गेलं होतं, ‘मॅडमशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही.’ आणि पुढं मी तोंड फिरवते हे बघून त्यांना वाटलं, ही बाई मोठ्या मनानं देऊन आता पस्तावतेय.

मला जूनमध्ये हे कुणी सांगितलं असतं तर मी तो पेपर स्वतःहून दिला असता. हळदीची सगळी गणितंसुद्धा दिली असती. कॅपवरून परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि जयसिंगपूर येईपर्यंत दोघी बोलत होतो. आता कॉस्टिंग आम्ही वाटून घेतो, प्रोसेसचा भाग माझा. पण ती तीन वर्षं गेली ती गेली.

मराठीत ‘विचारणं’ हा शब्द दोन कामं करतो. प्रश्न करणं, आणि किंमत देणं. ‘तिथं आपल्याला कोण विचारतो?’ असं माणूस म्हणतो तेव्हा प्रश्नाशी त्याचा संबंध नसतो. आपण कुणाच्या हिशेबात नाही, हे तो सांगत असतो. आमच्या पेशातल्या असमाधानाबद्दल पुष्कळ बोललं जातं : रिक्त जागा, रखडलेली पदोन्नती, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं. ही दुखणी खोटी नाहीत, मी त्यांतली बहुतेक भोगली आहेत. तरी नोकरीवरून मन उडालेल्या माणसापाशी तासभर बसा आणि त्याला बोलू द्या. शेवटी तो एखाद्या प्रसंगापाशी येतो आणि त्यात कुणीतरी त्याला विचारलेलं नसतं, किंवा त्यानं विचारलेल्याला उत्तर दिलेलं नसतं.

एम. कॉम.ला मी हर्झबर्गचा सिद्धांत शिकवते. १९५९ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की, कामावर तुम्हाला फार चांगलं कधी वाटलं, फार वाईट कधी वाटलं. त्यातून दोन रकाने निघाले. पगार, धोरणं, देखरेख, माणसांमाणसांतले संबंध एका बाजूला : हे बिघडलं की असमाधान येतं, पण नीट असलं म्हणून समाधान येतंच असं नाही. काही साध्य होणं, कामाची कदर, जबाबदारी, प्रत्यक्ष काम दुसऱ्या बाजूला : समाधान यातून येतं. मी फळ्यावर मधोमध रेघ मारायची आणि पुढं जायची. कॉस्टिंगचं ते वर्ष गेल्यावर त्या रेघेवर माझा खडू अडखळू लागला. देखरेख डावीकडे आणि कदर उजवीकडे, हे ठीक. पण कदर कुणाच्या तोंडून येणार? देखरेख करणारा बोलला तरच ना? शिक्षकाची जबाबदारी वाढली की काढून घेतली, हे त्याला कळतं कशातून, फळ्यावरच्या आद्याक्षरांतून की समोर बसवून सांगितलेल्या चार वाक्यांतून? कामाच्या जागचं बोलणं मला कुठल्याच एका रकान्यात बसवता येत नाही. ते रेघ ओलांडून जातं.

पुढं १९७७ साली डाउन्स आणि हेझन यांनी संस्थेतल्या संवादाचेच आठ पैलू मांडले. नोकरीतल्या समाधानाशी त्यातल्या तिघांचं नातं सगळ्यात घट्ट निघालं : वरिष्ठांशी होणारं बोलणं, एकूण संवादाचं वातावरण, आणि आपल्या कामाबद्दल आपल्याला वैयक्तिक मिळणारा अभिप्राय. हा तिसरा पैलू वर्गात सांगताना मी दरवेळी थांबते. कारण आमच्या कामावर जो शेरा लिहिला जायचा त्या अहवालाचं नावच ‘गोपनीय अहवाल’. मी दरवर्षी माझा स्व-मूल्यमापनाचा अर्ज प्रामाणिकपणे भरून दिला. त्यावर काय लिहिलं गेलं, एका वर्षीही मला कुणी सांगितलं नाही. २०१० पासून एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आले. मग निदान आकडा कळू लागला. सेमिनारचे इतके, शोधनिबंधांचे इतके. पण तुम्ही शिकवता कसं, यावर आकडा बोलत नाही.

एकदाच मला खरा अभिप्राय मिळाला. आमचे एक जुने विभागप्रमुख होते, विद्यार्थ्यांचे फीडबॅकचे फॉर्म ते आलेख काढण्याआधी स्वतः वाचायचे. त्यांनी मला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला आणि दोन फॉर्म पुढं सरकवले. एकावर लिहिलं होतं, ‘मॅडमचं अक्षर लहान आहे, मागून दिसत नाही.’ दुसऱ्यावर, ‘मॅडम गणित चुकलं तर ओरडत नाहीत, म्हणून मी विचारतो.’ सर म्हणाले, “पहिलं दुरुस्त करा. दुसरं सांभाळा.” त्याला दहा मिनिटंही लागली नसतील. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी शेवटच्या बाकावर बसून फळा बघितला. मग अक्षर बोटभर उंच काढायला लागले, ते आजतागायत. त्या वर्षी माझा पगार वाढला नव्हता, कसली बढती नव्हती. तरी नोकरीतलं सुखाचं वर्ष कोणतं म्हणून विचाराल तर मी ते सांगेन.

आणि दुसरं सांगेन ते ऑगस्ट २०१९. सांगलीकराला वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, सगळं पाण्याखाली. आमच्यातल्या अकरा जणांची घरं बुडाली. आम्ही विश्रामबागेतले कोरड्यात होतो. त्या दिवसांत कॉलेजच्या त्याच ग्रुपवर मी वेगळीच भाषा वाचली. ‘सरांच्या आईंना डायलिसिस आहे, मिरजेपर्यंत गाडी कोण नेईल?’ ‘मी निघालो.’ ‘हॉलमध्ये साठ माणसं आहेत, रात्रीला तांदूळ किती आहे?’ ‘आमच्याकडं दहा किलो.’ ‘मॅडम, तुम्ही कुठं आहात? दोन तास फोन लागत नाही.’ या शेवटच्या मेसेजमधली मॅडम मी होते. प्राचार्य स्वतः रोज सकाळी एकेकाला फोन करत होते, आधी घरचं विचारून मग कामाचं. आम्ही सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत राबलो, खिचडी केली, चिखल उपसला, लायब्ररीच्या तळमजल्यावरची पुस्तकं वर नेली. एकालाही ते काम नेमून दिल्यासारखं वाटलं नाही. दर मेसेजला नाव होतं, दर प्रश्नाला उत्तर होतं. त्या दहा दिवसांत ग्रुपवर कुणी ‘नोटेड’ लिहिलं नाही.

पाणी ओसरलं, कॉलेज सुरू झालं, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा ‘सूचित करण्यात येते की’ आलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माणसं तीच होती. महिन्याभरापूर्वी एकमेकांच्या घरातला गाळ काढलेली.

एका गोष्टीत मी स्वतःही चुकले आहे. आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे एक सर आहेत. प्राध्यापकपदाची सेट ही पात्रता परीक्षा पास झालेले, चांगलं शिकवणारे, कवठेमहांकाळच्या पलीकडच्या गावातून मिरजेला गाडी बदलून येतात. कायम जागा भरल्या जात नाहीत म्हणून अशाच शिक्षकांवर आमचे अर्धे वर्ग चालतात. पण ते स्टाफच्या ग्रुपमध्ये नाहीत. स्टाफ मीटिंगला त्यांना बोलावणं नसतं. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या बैठकव्यवस्थेमुळं एका दिवशीचे सगळे तास रद्द झाले. आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. ते सकाळी सव्वादहाला फाटकात उभे. तास नाही म्हणजे त्या दिवशीचं मानधन नाही, आणि गाडीभाडं खिशातलं. ते कुणाला काही बोलले नाहीत, परतीच्या गाडीला बसून गेले. मला हे चार महिन्यांनी कळलं, तेही दुसरंच काही बोलताना. “मुलांपुढं उभं राहिलं की सगळं विसरायला होतं, मॅडम,” ते म्हणाले. “वर्गाबाहेर आलं की मी या कॉलेजात आहे का नाही, तेच समजत नाही.”

त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. सातारा जिल्ह्यात पाच वर्षं तासिका तत्त्वावर काढलेली मी. गाडीतून उतरून बंद वर्ग बघितलेली मी. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर ‘नोटेड सर’ लिहिलं आणि भाकरी करायला उठले. कळवायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं, एवढं मला म्हणता येईल. पण ते ठरवायला लागावं असं ते काम नव्हतं.

या जूनपासून विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळं विषयांची सगळी मांडणीच बदलली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. कुणाचे तास वाढणार, कुणाचे तुटणार, या धास्तीनं मे महिन्यातच कुजबुज सुरू झाली होती. दोघांनी मला परस्पर फोन करून तिसऱ्याबद्दल विचारलं. मी माझ्या टेबलावर सगळ्या विभागाला बोलावलं आणि विद्यापीठाकडून आलेलं परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, मला जे समजलं ते सांगितलं, जे समजलं नव्हतं तेही सांगितलं. एकूण किती तास आहेत आणि माणसं किती, ते फळ्यावर मांडलं. वादावादी झाली. एका सरांचा आवाज चढला, मीही एकदा चिडले. दोन तासांनी आम्ही उठलो तेव्हा सगळं सुटलं नव्हतं, पण फोन यायचे थांबले.

वेळापत्रक मी पेन्सिलनं केलं. मोठा कागद, रकाने आखलेले, आणि एकेकाला तो दाखवत फिरले. शेवटी तासिका तत्त्वावरच्या त्या सरांना थांबवलं. ते कॉरिडॉरमध्ये वही घेऊन उभे होते, पुढचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. कागद मी खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि विचारलं, “सर, हे तुमचे तास असे लावलेत. चालतील का?”

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “चालतील की, मॅडम,” ते लगेच म्हणाले.

मी कागद उचलला नाही. पेन्सिल त्यांच्यापुढं धरली.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग वाकून बोटानं एक चौकोन दाखवला. “सोमवारचा पहिला नको होता. आमची पहिली गाडी मिरजेत येते तोवर पुढची सुटलेली असते. सोमवारी गर्दी असते, उभं राहूनसुद्धा मिळत नाही.”

“मग कोणता?”

“तिसरा मोकळा दिसतोय.”

मी सोमवारचा पहिला तास खोडला. तिसऱ्यात त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण.